पावडरची गोणी की फुकटचा कॅन?



गेल्या महिन्यात सांगलीहून एका वाचक वहिनींचं पत्र आलं. पत्र कसलं, चांगली सहा पानी फिर्यादच! त्यांच्या इमारतीत 24 बिऱ्हाडं. "कमिटीवर एखादी बाई हवी" म्हणून सगळ्यांनी यांना घेतलं, आणि बाई म्हटल्यावर पाण्याचं खातं आपोआप यांच्याच गळ्यात पडलं. उन्हाळ्यात त्यांच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी येतं. म्हणून खालच्या टाकीत बोअरचं आणि अडीनडीला टँकरचं पाणी मिसळतात. त्यात क्लोरीन घालायचं, इथवर सगळ्यांचं एकमत. पण कोणत्या रूपातलं घालायचं?

सेक्रेटरी म्हणतात, "ब्लीचिंग पावडरची 25 किलोची गोणी आणू, घाऊकात निम्म्या भावात पडते." तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणतात, "गोणीची धूळ कोण खाणार? आमच्या कारखान्यात हायपोचे 35 लिटरचे कॅन असतात, एक फुकट आणून देतो." दोघंही हट्टाला पेटलेले. "ताई, बैठक पुढच्या रविवारी आहे, मी कुणाची बाजू घेऊ?" असं वहिनी विचारतात.

वहिनी, तुमची बैठक कदाचित होऊनही गेली असेल. तरीही उत्तर देते, कारण हाच प्रश्न थोड्याफार फरकाने बऱ्याच जणींच्या पत्रांत असतो. आणि दुसरं कारण असं, की याच बाबतीत मी स्वतः एकदा चांगली पोळले आहे.

बारा-तेरा वर्षं झाली असतील. आम्ही तेव्हा दुसऱ्या इमारतीत राहत होतो. तिथेही अशीच गोणी आणलेली होती आणि ती जिन्याखाली ठेवलेली होती. वॉचमन मोठा इमानी. रोज पहाटे उठून न चुकता टाकीत दोन मोठे चमचे पावडर टाकायचा. मी दूध घ्यायला खाली उतरले की त्याला टाकीपाशी पाहायची आणि मनात म्हणायची, चला, पाण्याची काळजी मिटली. त्या पावसाळ्यात आमच्या जिन्यातल्या सात घरांत जुलाब-उलट्यांनी माणसं आडवी झाली. माझ्या धाकट्या दिरांची मुलगी तेव्हा चार वर्षांची. दोन दिवस सलाईनवर होती. रडायचंही त्राण नव्हतं त्या पोरीच्या अंगात. तिचे सुकलेले ओठ मला अजून आठवतात. आज ती कॉलेजात जाते आणि "काकू, किती वेळा सांगशील तेच तेच!" म्हणते, ते सोडा.

नगरपालिकेतून एक तरुण मुलगा पाणी तपासायला आला. त्याने काचेच्या नळीत आमच्या टाकीतलं पाणी घेतलं आणि वर औषधाचे थेंब टाकले. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं, म्हणाला. आमचं पाणी होतं तसंच राहिलं. वॉचमन बिचारा गोरामोरा झाला. "साहेब, देवाशप्पथ रोज टाकतो हो!" तो मुलगा मग जिन्याखाली गेला. गोणीतली चिमूटभर पावडर त्याने पेलाभर पाण्यात कालवली, वरचं निवळ पाणी नळीत घेतलं आणि थेंब टाकले. जेमतेम फिकट रंग आला. गोणीवरची तारीख दोन पावसाळ्यांपूर्वीची होती. रोज पहाटे वॉचमन इमानेइतबारे आमच्या पाण्यात जवळजवळ नुसता चुना टाकत होता!

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. पावडर की पातळ, हा वाद नंतरचा. आधी विचारायचं ते हे, की हातातल्या मालात आज दम किती उरला आहे?

जरा मुळाशी जाऊ या. कंटाळू नका, दोन मिनिटांचं काम आहे. पावडर काय आणि हायपो काय, दोघांचा जीव एकच, तो म्हणजे क्लोरीन वायू. हा वायू विरलेल्या चुन्यात मुरवला की ब्लीचिंग पावडर होते. आपल्या खेड्यापाड्यांत ग्रामपंचायतीचा शिपाई विहिरीत टाकतो ती 'टीसीएल' हीच. तोच वायू कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात मुरवला की सोडियम हायपोक्लोराइट होतं, त्यालाच कारखान्यात लाडाने 'हायपो' म्हणतात. चुना आणि सोडा ही नुसती भांडी समजा, आपल्याला हवा आहे तो आतला क्लोरीन. आणि हा पाहुणा दोन्ही घरांत फार दिवस टिकत नाही.

गंमत म्हणजे या दोघांत थोरलं भावंडं पातळ. पॅरिसजवळ जावेल नावाचं गाव होतं. तिथे 1780 च्या दशकात कापड पांढरं करण्यासाठी असं पाणी तयार करू लागले. पण पाणी लांबवर न्यायचं म्हणजे वजन फार, आणि वाटेत त्याचा जोरही उतरायचा. मग ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट यांनी 1799 मध्ये कोरड्या पावडरीचं पेटंट घेतलं. म्हणजे पावडरचा जन्मच मुळी वाहतुकीच्या सोयीसाठी झाला.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती आपल्या बायकांची आहे. व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात बाळंतिणी तापाने पटापट दगावत होत्या. सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरांनी 1847 च्या मे महिन्यात नियम केला, की बाळंतिणीला हात लावण्याआधी प्रत्येकाने क्लोरीनच्या पाण्याने हात धुतलेच पाहिजेत. सुरुवातीला त्यांनी पातळ क्लोरीन वापरलं. ते महाग पडू लागलं तेव्हा ते स्वस्तातल्या चुन्याच्या क्लोरीनवर, म्हणजे आपल्या ब्लीचिंग पावडरीवर आले. एप्रिलमध्ये त्या विभागात शंभरातल्या अठरा बाळंतिणी दगावल्या होत्या, जूनमध्ये हे प्रमाण दोनाच्या आसपास आलं. वहिनी, तुमच्या सेक्रेटरींचा आणि काकांचा वाद पावणेदोनशे वर्षांचा जुना आहे बरं का!

आता तुमच्या टाकीचा हिशेब करू. तुम्ही टाकी 20,000 लिटरची लिहिली आहे आणि ती रोज भरते. पाणी गढूळ नसेल तर 1000 लिटरला सुमारे अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर लागते. चांगली म्हणजे जिच्यात शंभराला तीस-तेहतीस भाग क्लोरीन आहे अशी. म्हणजे तुमच्या टाकीला रोज 50 ग्रॅम. मग 25 किलोची गोणी किती दिवस पुरेल? 500 दिवस! दीड वर्षाच्या आसपास. घाऊक भावाचं पाणी इथेच मुरतं. आपण एकदम दोन किलो हिंग आणून डबी उघडी टाकली तर सहा महिन्यांनी फोडणीत काय पडेल, सांगा बरं? ब्लीचिंग पावडर हिंगापेक्षाही नाजूक. दमट हवा लागली, ऊन लागलं, की तिच्यातला क्लोरीन उडायला लागतो. आधी गुठळ्या होतात, मग चिकटपणा येतो आणि शेवटी चुना उरतो. वासावर मात्र विसंबू नका. दम गेलेल्या पावडरीलाही वास येतच राहतो. आम्ही त्या वासालाच फसलो होतो.

बरं, मग काकांचा कॅन? कारखान्यातलं हायपो साधारण दहा-बारा टक्क्यांचं असतं. दहा टक्के धरलं तर तुमच्या टाकीला रोज 150 मिलिलिटर लागेल. 35 लिटर म्हणजे सात-साडेसात महिन्यांची बेगमी. आणि पातळाची तऱ्हा अशी, की जितकं तीव्र तितकं ते लवकर उतरतं. त्यात दर दहा अंश उष्णता वाढली की उतरण्याचा वेग तिपटीहून जास्त होतो. सांगलीचा एप्रिल-मे तुम्हाला मी काय सांगू? पत्र्याच्या शेडखाली ठेवलेल्या त्या कॅनमध्ये पावसाळा उजाडेपर्यंत बरंचसं खारट पाणीच राहायचं. हो, खारटच, कारण क्लोरीनचा जोर गेला की मागे मुख्यतः मीठ उरतं. शिवाय त्या कॅनमध्ये वायू धरतो, बूच अगदी गच्च बसवलं तर कॅन फुगतो.

काकांचा कॅन घेऊ नका म्हणायला आणखी एक कारण आहे, आणि माझ्या मते तेच मोठं आहे. कारखान्यातला माल फरशा धुवायला नाही तर कापड, कागद पांढरा करायला आणलेला असतो. त्यात काय किती मिसळलंय, तो कधीचा आहे, हे आपल्याला कोण सांगणार? पिण्याच्या पाण्यात टाकायचा माल त्याच कामासाठी बनवलेला, तारीख आणि टक्केवारी छापलेलाच हवा. पावडर घेतलीत तर पाकिटावर 'आयएस 1065' आणि 'स्थिर', म्हणजे स्टेबल, असे शब्द आहेत का ते पाहा. या स्थिर पावडरीत जादा चुना घातलेला असतो, त्यामुळे ती आपल्या दमट-गरम हवेत जरा जास्त तग धरते. फुकट मिळतंय म्हणून चोवीस घरांच्या पोटात ढकलू नका.

म्हणजे शेवटी घ्यायचं काय? वहिनी, मी तुमच्या जागी असते तर पावडरच घेतली असती, पण गोणी नाही. एक-एक किलोची बंद पाकिटं. एक पाकीट तुम्हाला 20 दिवस पुरेल. फोडलेलं पाकीट घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, गार, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवायचं. चार पैसे जास्त जातील, जाऊ द्या. निम्म्या भावात दीड वर्षाची गोणी आणून पहिले काही महिनेच ती कामाला येणार असेल, तर ती स्वस्त कुठे पडली?

पण थांबा. पावडर कोण कालवणार, तेही आधी ठरवा. टाकीत पावडर तशीच भुरभुरणं चुकीचं आहे. आमचा वॉचमन तेच करत होता. प्लास्टिकच्या बादलीत आधी थोड्या पाण्यात तिची पेस्ट करायची, पिठल्याला डाळीचं पीठ कालवतो तशी, गुठळी राहू न देता. मग आणखी पाणी घालून ढवळायचं आणि दहा-पंधरा मिनिटं निवळू द्यायचं. खाली चुना बसतो. तो टाकीत जाता कामा नये, नाहीतर नळ्या, तोट्या भरतात. वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत ओतायचं. धातूचं भांडं, धातूचा डाव नको. नाकाला रुमाल बांधायचा आणि वाऱ्याकडे पाठ करायची. हे रोज पहाटे कुणी करणार असेल तरच पावडर. "कोण एवढं करतंय?" असं उत्तर आलं, तर मग पाच टक्क्यांचं, पिण्याच्या पाण्यासाठी असलेलं पातळ द्रावण लहान कॅनमध्ये घ्या. ते रोज 300 मिलिलिटर लागेल, म्हणजे पाच लिटरचा कॅन सोळा-सतरा दिवसांत संपेल. मापून ओतलं की झालं, चुना नाही, धूळ नाही. महाग पडेल, वाहायला जड पडेल, पण माणूस आळशी असेल तर दगडापेक्षा वीट मऊ.

आणि दोन्हींपैकी काहीही घेतलंत तरी पाणी तपासायची पेटी हवीच. मी दिलेली मापं ही सुरुवात समजा. बोअरचं, टँकरचं पाणी कधी जास्त क्लोरीन खातं, कधी कमी. पूर्वी त्या थेंबांनी पिवळा रंग यायचा, आता बहुतेक पेट्यांत गुलाबी रंग येणारी गोळी किंवा पूड असते. क्लोरीन टाकल्यावर निदान अर्धा तास थांबायचं आणि मग अगदी शेवटच्या मजल्यावरच्या नळाचं पाणी तपासायचं. आपल्या भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं दिसलं पाहिजे. रंग आला नाही तर आधी मालाची तारीख बघा, मग माप वाढवा. तपासलेलं पाणी मोरीत ओतून द्या, परत हंड्यात नको.

काही जणी म्हणतील, "आमच्याकडे फिल्टर आहे, टाकीचं पाणी कसंही असो." अहो, दात घासता ते पाणी कुठलं? कोथिंबीर धुता ते? 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडच्या भागात गियाँ बारेच्या आजाराने केवढी घबराट झाली, आणि बोट पाण्याकडेच वळलं होतं, हे विसरायला नको.

आता घरातल्या घरात म्हणाल तर माझा सल्ला जरा वेगळा आहे. एका हंड्यापुरतं पावडर तोलत बसणं शक्य नाही. पाणी उकळून घेणं उत्तम. प्रवासात, लग्नघरात ते जमत नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या घ्या. नागपूरच्या नीरी या संस्थेने तयार केलेल्या गोळीची अर्ध्या ग्रॅमची एक गोळी 20 लिटर पाण्याला पुरते. दुसऱ्या गोळ्यांचं माप मात्र पाकिटावर वाचूनच घ्या. कपड्यांसाठी पातळच बरं. पावडरीची गुठळी राहिली की शर्टाला भोक ठरलेलं. पण रेशमी आणि लोकरी कपड्यांना दोन्हीही लावू नका. रेशीम आणि लोकर हायपोत अक्षरशः विरघळतात. माझ्या एका नणंदेने लग्नातल्या शेल्यावरचा डाग काढायला गेली आणि शेल्याची चाळण करून बसली. आणि कपड्यांचं सुवासिक ब्लीच पिण्याच्या पाण्यात कधीही नाही.

घरात रांगतं मूल असेल तर मात्र पातळाच्या बाबतीत डोळ्यांत तेल घालून जपा. हायपो दिसायला जवळजवळ पाण्यासारखं, किंचित पिवळट. मोठ्या कॅनमधलं थोडं रिकाम्या पाण्याच्या बाटलीत काढून मोरीत ठेवायची आपल्याला फार सवय. तान्हेल्या पोराला काय कळणार? पावडर कुणी गटागट पीत नाही, बाटली पितात. चुकून पोटात गेलंच तर उलटी करवू नका. येताना घसा जाळत येतं ते. तोंड धुवा आणि थेट डॉक्टरांकडे जा, बाटलीही बरोबर न्या. डोळ्यांत उडालं तर चोळू नका, निदान पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धरा आणि मग दवाखाना गाठा.

संडास धुवायच्या ॲसिडशी याची गाठ पडू देऊ नका. एका दिवाळीत मी आधी ॲसिड टाकलं आणि डाग जाईना म्हणून वर ब्लीचिंग पावडर भुरभुरली. दोन जालीम औषधं एकत्र म्हणजे दुप्पट गुण, असं माझं शहाणपण! हिरवट धूर उठला आणि छातीत कुणी सुऱ्या खुपसाव्यात तसं झालं. ह्यांनी ओढून बाहेर काढलं म्हणून निभावलं. तो धूर म्हणजे निव्वळ क्लोरीन वायू. त्यामुळे डबा काय, कॅन काय, ॲसिडच्या बाटलीपासून लांब, आणि तेल-रॉकेलपासूनही लांब.

राहता राहिली तुमच्या जिन्याखालची गेल्या वर्षीची अर्धी गोणी, जिचा तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरता उल्लेख केला आहे. ती पाण्याच्या टाकीकडे फिरकू देऊ नका. गोणीवर मोठ्या अक्षरांत "टाकीत घालू नये" असं लिहून टाका, म्हणजे नवा वॉचमन चुकणार नाही. गटाराच्या कडेला, कचरापेटीभोवती थोडी थोडी वापरून पावसाळ्याआधी संपवा. आणि रविवारची बैठक झाली असेल, गोणी किंवा कॅन आलाही असेल, तरी तपासणीची पेटी मागवून आजच त्याचा रंग पाहा. काय दिसलं ते मला कळवा.